पिस्तुलाला लायनिंग

पिस्तुलाला खोळ शिवून हवी, असं मी शिंप्याला सांगितलं तेव्हा त्यानं गळ्यातली टेप काढली, पिस्तूल उताणं केलं, पालथं केलं आणि एकच प्रश्न विचारला : "लायनिंग टाकू काय?"

हा माणूस चाळीस वर्षं खामगावात झंपर आणि शाळेचे गणवेश शिवतो आहे. हातात पिस्तूल आल्यावर त्यानं दचकावं, दाराबाहेर डोकावून पाहावं, निदान "कोनाचं हाये हे?" एवढं तरी विचारावं, अशी माझी अपेक्षा होती. त्यासाठी तीन दिवस मी मनात उत्तरं घोळवली होती. पण त्याच्या लेखी ती एक आखूड बाहीची, तिरक्या अंगाची वस्तू होती. मिल्ट्रीच्या छापाचं हिरवं कापड त्याच्याकडं पडून होतंच. कुठल्याशा पोराच्या गॅदरिंगच्या ड्रेसातून उरलेलं. "अर्ध्या मीटरात दोन खोळी होतात," तो म्हणाला. मग पिस्तूल तळहातावर हलकेच उडवून झेललं. "वजन चांगलं हाये. दुसरं हाये काय घरी?"

दुसरं नव्हतं. पहिलंच कसं आलं ते सांगतो.

त्याचं मूळ कुरड्यांत आहे. चैत्र लागला की आमच्या वऱ्हाडात घराची गच्ची म्हणजे उघडं कोठार होतं. गहू भिजवून, वाटून, चीक काढून, पहाटे उठून तो शिजवून केलेल्या कुरड्या, शेजारी पापड, पलीकडं खारोड्या, सरगुंडे. चार जुन्या साड्यांवर वर्षभराचं वाळवण. आणि कठड्यावर रांगेनं बसलेली वानरं. आमच्याकडं लालतोंड्याला माकड म्हणतात. काळ्या तोंडाचं, हातभर शेपटीचं, सेवानिवृत्त मुख्याध्यापकासारखं दिसणारं ते वानर. ते घाई करत नाही. आधी कुरडई उचलून उजेडात धरतं, जाळी बघतं आणि मगच खातं. माझ्या बायकोच्या हातच्या कुरडईची इतकी कदर मी उभ्या आयुष्यात केलेली नाही, हे तिनंच मला ऐकवलं. पुढं म्हणाली, "वांदरं कुरड्या खाऊन रायले आन् तुमी पेपर वाचून रायले. घरात मानूस असून काय फायदा?"

'घरात माणूस असून' हे शब्द लागले. त्याच दुपारी माझ्या मनात पिस्तूल आलं. काठी का आली नाही, हे मला अजून सांगता येत नाही.

वानराला इजा करायची नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. एक तर कायद्यानं ते संरक्षित, दुसरं म्हणजे ज्याच्या देवळात दर शनिवारी तेल घालायचं त्याच्याच भाऊबंदावर नेम कसा धरायचा? मला फक्त हातात धरून गच्चीवर उभं राहायचं होतं. बाकीचं काम दृश्यानं करावं.

आमच्या घराण्याला शस्त्राची परंपराच नाही असं मात्र नाही. मेहकरकडं माझ्या मामांकडं एक ठासणीची बंदूक होती, पीकसंरक्षणाच्या परवान्याची. रोही आणि रानडुकरं यांच्यासाठी. मामा रात्री मचाणावर बसायचे, नळीत दारू ठासायचे, गज घालून कोंबायचे, केप बसवायचे आणि एवढं सगळं होईस्तोवर रोह्यांचा कळप तुरीची एक ओळ संपवून दुसरीला लागलेला असायचा. मग हवेत बार. रोही मान वर करून पाहायचे. मामांच्या मते ते पळायचे, मामींच्या मते त्यांचं जेवण झालेलं असायचं. शिवाय दर निवडणुकीला परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागत. पंचायतीपासून पार्लमेंटपर्यंत कुठली ना कुठली निवडणूक असायचीच, त्यामुळं मामी म्हणायच्या, "आली निवडणूक, चालली बंदूक माहेरी." मतमोजणी झाली की मामा पावती घेऊन तिला आणायला जायचे.

खऱ्या पिस्तुलाची चौकशी मीही केली. परवाना बुलडाण्याहून, जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो. अर्ज, पोलिसांची चौकशी, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हे सगळं एक वेळ जमलं असतं. पण अर्जात कारण लिहावं लागतं. जीवाला धोका म्हणावं, तर कोणापासून? छत्तीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसूनही मला एक धड शत्रू कमावता आला नाही. वानरांचं नाव लिहिलं असतं तर कार्यालयातल्या लोकांची ती दुपार चांगली गेली असती, एवढंच.

पुढं कळलं की मला हवं होतं ते पिस्तूल परवाना असला तरी मिळत नाही. आपल्या सैन्याचं आणि पोलिसांचं नऊ मिलिमीटरचं पिस्तूल म्हणजे 'निषिद्ध बोअर'. सामान्य परवानाधारकाला त्याहून लहान, .३२ बोअरचं घ्यावं लागतं आणि त्याच्या किमती ऐकून माणूस कुरड्या विकत आणायला लागतो. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्यानं खास महिलांसाठी 'निर्भीक' नावाचं अर्धा किलोचं रिव्हॉल्व्हर काढलं होतं, त्याची किंमत होती सव्वा लाखाच्या घरात. एवढा ऐवज पर्समध्ये घेऊन फिरणाऱ्या बाईला संरक्षणाची गरज असणारच म्हणा.

शेवटी मी आलो हवेच्या पिस्तुलावर. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणं साडेचार मिलिमीटरच्या छर्‍याचं आणि २० ज्यूलच्या आतलं हवेचं हत्यार बिनपरवाना घेता येतं. २० ज्यूल म्हणजे दोन किलो वांग्यांची पिशवी मीटरभर वर उचलायला लागते तेवढी ऊर्जा. माझं पिस्तूल त्याच्या पासंगालाही पुरणारं नव्हतं. ते फार तर एका वांग्याचं असेल. अकोल्याच्या एका दुकानात, क्रिकेटच्या बॅटी आणि कॅरमच्या सोंगट्या यांच्यामध्ये ते काचेखाली पडलं होतं. काळं, चौकोनी, जाड मानेचं, हुबेहूब लष्करी. दुकानदारानं ओळखपत्राची झेरॉक्स घेतली, छर्‍यांची डबी दिली आणि म्हणाला, "उचलून तर पाहा. वजन चांगलं आहे." सव्वीसशे रुपये.

घरी आणून मी ते पहिल्यांदा दाखवलं माझ्या साडूला. साडू फौजेत सुभेदार होते. त्यांनी चष्मा लावला, पिस्तुलाकडं पाहिलं आणि चष्मा काढला. "हे तर नाइन एमएमचं कार्टून आहे," म्हणाले. "अन् तुम्हाला एक सांगू का? फौजेत आम्ही रायफलवाले. पिस्तूल साहेब लोकांचं. आमच्या वाट्याला ते साफ करायचं काम." पण मग त्यांनी ते हातात घेतलं, उगाच खिडकीबाहेरच्या कडुनिंबावर रोखलं, आणि आवाज बदलून म्हणाले, "वजन मात्र चांगलं आहे हं."

कार्टून असेल, पण खानदानी आहे. त्या आकाराचा जनक जॉन ब्राउनिंग नावाचा अमेरिकन, उटाह प्रांतातल्या एका बंदूकवाल्याचा मुलगा. त्यानं रचलेलं पिस्तूल अमेरिकी सैन्यानं १९११ साली स्वीकारलं आणि १९८५ पर्यंत, म्हणजे मी बँकेत चिकटेपर्यंत, कमरेला लावलं. माणूस मेलासुद्धा १९२६ साली बेल्जियमच्या लिएजमधल्या कारखान्यात, कामावर असताना. त्या वेळी त्याच्या पाटीवर जे अर्धवट होतं ते दुसऱ्यांनी पुरं केलं, आणि फिरत फिरत तेच आपल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात नऊ मिलिमीटरचं सरकारी पिस्तूल म्हणून जन्माला आलं. माझ्या सव्वीसशेच्या ऐवजाचा चेहरामोहरा त्याच घराण्यातला. नाकडोळे सगळे घराण्याचे, कर्तृत्व तेवढं शून्य. अशी मुलं चांगल्या घराण्यांत असतातच.

मराठी माणसाला ब्राउनिंग हे नाव परकं नाही. १९०९ साली सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं हिंदुस्थानात धाडली, इंडिया हाउसमध्ये स्वयंपाकाचं काम करणाऱ्या चतुर्भुज अमीनबरोबर, पेटीच्या चोरकप्प्यातून. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'चा प्रयोग होता. त्या रात्री अनंत कान्हेऱ्यानं कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, आणि पुढच्या एप्रिलात तो फासावर गेला. त्या काळी हिंदी माणसाजवळ विनापरवाना हत्यार सापडणं हाच गुन्हा. १८७८ च्या शस्त्र कायद्याची ती करणी. आमच्या शेगावात गजानन महाराज प्रकटले तेही १८७८ सालीच, आणि देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचं तोंड बांधणारा कायदाही त्याच साली आला. एका वर्षात सरकारनं बंदुका काढून घेतल्या आणि लेखण्याही. वऱ्हाडाला त्या वर्षी जे मिळालं ते मात्र कुठल्या जप्तीत जाणारं नव्हतं.

हे सगळं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "कान्हेऱ्याच्या आईच्या कुरड्या कोनं खाल्ल्या होत्या?"

खरं सांगायचं तर माझं घराणं वेगळंच आहे. ते दिवाळीच्या टिकल्यांच्या पिस्तुलाचं. पत्र्याचं, निळसर रंगाचं, दोन तुकडे चिमट्यांनी जोडलेलं. टिकल्या दोन जातींच्या : सुट्या, लाल, डबीतल्या, आणि रोल. रोल श्रीमंतांचा. तो चौथ्या बाराला अडकायचा आणि मग कागदाची लाल जीभ पिस्तुलाच्या बाहेर लोंबत राहायची. सुटी टिकली एकेक बसवावी लागे आणि चाप ओढला की दहांतली चार वाजत. पत्र्याचा घोडा पाडव्यापर्यंत टिकला तर नशीब. भाऊबीजेला आम्ही सगळे ओट्यावर बसून टिकल्या दगडानं ठेचत असू, आणि आवाज पिस्तुलापेक्षा मोठा येई.

'शोले' आला त्या सुमाराला आमच्या गल्लीत प्रत्येकाला गब्बर व्हायचं होतं. ठाकूर व्हायला कोणी तयार नसे, कारण ठाकूरला पिस्तूल धरता यायचं नाही. त्या दिवाळीत मी माझ्या पिस्तुलाच्या मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती आणि वडिलांच्या दौतीतल्या शाईनं वर एक चांदणी काढली होती. पिस्तूल पहिल्याच संध्याकाळी मोडलं. ट्यूबची पट्टी माझ्याकडं सातवीपर्यंत होती.

म्हणजे हे वेड आत्ताचं नव्हे. हवेचं पिस्तूल घरी आल्यावर दोनच दिवसांत मला वाटायला लागलं की याला काहीतरी करायला हवं. ते जसं होतं तसं दुकानाचं वाटत होतं. आणि ही काही आमच्या गल्लीपुरती खोड नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी शिपाई आपल्या पिस्तुलाच्या मुठीवरच्या पट्ट्या काढून त्या जागी विमानाच्या फुटक्या पारदर्शक प्लास्टिकच्या पट्ट्या बसवायचे आणि आतून प्रेयसीचा फोटो लावायचे. जनरल पॅटनसाहेबांच्या रिव्हॉल्व्हरची मूठ हस्तिदंती होती. फोटोची कल्पना मला फार आवडली आणि मी ती बायकोला बोलून दाखवली.

"माह्या फोटोवर तुमचा घामट हात?" एवढंच म्हणाली. विषय संपला.

तेव्हा सागवान. सुताराकडं गेलो. त्यानं पिस्तुलाकडं पाहिलंसुद्धा नाही. आधी माझा हात हातात घेतला, वैद्यानं नाडी धरावी तसा, आणि तळव्यावर अंगठा फिरवला. "वखराले, कुऱ्हाडीले मी बाभूळ लावतो," तो म्हणाला. "पन तुमचा हात मऊ हाये. बाभूळ टोचीन. सागवानच घ्या." हे ऐकताना दुकानात आणखी दोन माणसं बसलेली होती. असो. त्यानं जुन्या दाराच्या चौकटीतला एक तुकडा काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि चार दिवसांत दोन पट्ट्या अशा घडवल्या की बोटं आपोआप जागेवर जाऊन बसावीत. मजुरी घेतली साडेचारशे. चौकट सत्तर वर्षांची होती म्हणाला. म्हणजे माझ्या पिस्तुलाचा तेवढा भाग तरी कुणाच्या तरी येण्याजाण्याचा साक्षीदार आहे.

मग चांदी. खामगावात राहून चांदी न लावणं म्हणजे पंढरपुरात राहून बुक्का न लावणं. आमच्या गावाला रजतनगरी म्हणतात. १८७० साली लॉर्ड मेयोनं जलंबहून इथपर्यंत आगगाडीचा फाटा आणला तो कापसासाठी. आता गावाचं नाव निघतं ते चांदीच्या कारागिरीसाठी. ताटं, समया, देवांच्या मूर्ती, मखरं सगळं इथं घडतं आणि लांबलांब जातं. मी कारागिराला म्हटलं, मुठीवर एक छोटंसं पदक बसवायचं आहे. चांदीचा भाव किलोला लाख ओलांडून बसलेला, म्हणून मी 'छोटंसं' या शब्दावर जोर दिला.

"गणपती काढू का बालाजी?" त्यानं विचारलं.

देव नको म्हटलं, पिस्तुलावर बरा दिसत नाही. तो विचारात पडला. त्याच्याकडच्या ठशांत देव होते, स्वस्तिक होतं, कमळ होतं, गाय-वासरू होतं आणि सत्यनारायणाचा कलश होता. लष्करी असं काही नव्हतं. गरुड आहे का विचारलं, तर गरुड होता, पण हात जोडून बसलेला. शेवटी आम्ही कोयरीवर आलो. आता माझ्या लष्करी पिस्तुलाच्या मुठीवर दोन्ही अंगांनी चांदीच्या कोयऱ्या आहेत, हळदी-कुंकवाच्या करंड्यावर असतात तशा. काम इतकं नाजूक झालं आहे की पाहुणे पिस्तूल बाजूला सारून कोयरी पाहतात. कारागिरानं तोलून दिलं तेव्हा काट्याकडं न पाहताच म्हणाला, "वजन चांगलं हाये." पण तो चांदीबद्दल बोलत असावा.

नंबर प्लेट रंगवणाऱ्याकडं मी जायला नको होतं. मला फक्त नळीवर एक बारीक अनुक्रमांक हवा होता, सरकारी हत्यारावर असतो तसा. त्यानं सवयीनं "एमएच २८" असं लिहून टाकलं आणि मग पुढचा नंबर विचारला. पुसायला सांगितलं तर म्हणाला, राहू द्या, आपला बुलडाणा पासिंग आहे हे तरी कळंल. शिवाय "आईचा आशीर्वाद" टाकू का असंही विचारलं. मोजून पाहिलं, तेवढ्या जागेत 'आईचा आ' इथपर्यंतच बसत होतं.

या सगळ्या धावपळीत एक भीती मात्र होती, आणि ती गमतीची नव्हती. सकाळच्या फिरण्यातल्या एका वकील मित्राला मी बिचकतच विचारलं, ही सजावट कायद्यात बसते ना? तो म्हणाला, बंदुकीची नळी आखूड करणं आणि नकली हत्यार अस्सल करणं हा शस्त्र कायद्याच्या सहाव्या कलमाखाली गुन्हा आहे. कोयरी काढण्याबद्दल कलम नाही. तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. कारण कायदा हत्याराच्या आत काय आहे ते पाहतो. रस्त्यावरचा माणूस बाहेरून पाहतो, आणि बाहेरून ते खरंच वाटत होतं. त्यासाठीच तर मी पैसे मोजले होते! आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला संग्रामपूर, जळगाव जामोद. त्यांच्या डोक्यावर सातपुडा. आणि सातपुड्यापलीकडं, बऱ्हाणपूर जिल्ह्यात, पाचोरी. देशी पिस्तुलांच्या बातमीत या गावाचं नाव वाचायची आम्हाला सवय झालेली आहे. पोलिसांनी सापळा लावला, दोघांना धरलं, एवढी पिस्तुलं, एवढी जिवंत काडतुसं. शेजारी फोटो : टेबलावर ओळीनं मांडलेली, ओबडधोबड, कानशीनं घासलेली हत्यारं. त्यांतल्या कुठल्याही एकापेक्षा माझं जास्त खरं दिसत होतं.

म्हणून मी ते सुतारापासून सोनारापर्यंत मेथीच्या जुडीखाली घालून, कापडी पिशवीतून नेत असे. एकदा बाजारात पिशवीचा बंद तुटला. मेथी पडली, टमाटे घरंगळले आणि मागोमाग माझं पिस्तूल, कोयरीसकट, भाजीवालीच्या पोत्यावर. माझ्या छातीचे ठोके मलाच ऐकू आले. भाजीवालीनं ते उचललं, पदरानं पुसलं आणि परत देत म्हणाली, "नातवाले घेतलं का जी? वजन चांगलं हाये, पन लेकरू पायावर पाडून घेईन."

तेव्हापासून घराबाहेर न्यायचं असलं की खोळीत. म्हणून तो शिंपी, म्हणून ते लायनिंग. लायनिंग आतून गुलाबी आहे. हिरवं अस्तर त्याच्याकडं नव्हतं.

आता तुम्ही विचाराल, वानरांचं काय झालं? लोकही हेच विचारतात. मला वाटतं हा प्रश्न विचारणाऱ्यांना विषय समजलेलाच नसतो. तरी सांगतो. सगळं जमेपर्यंत वाळवणाचा हंगाम संपला होता, आषाढ लागला होता. एका उघडिपीच्या सकाळी मी गच्चीवर गेलो. कठड्यावर पाच वानरं. मी पिस्तूल हातात घेऊन, पाय फाकवून, साडूंनी शिकवलं तसा उभा राहिलो. मोठ्या वानरानं माझ्याकडं पाहिलं. मग पिस्तुलाकडं. मग पुन्हा माझ्याकडं, जरा जास्त वेळ, जामीनदाराशिवाय आलेला कर्जाचा अर्ज मी पूर्वी जसा पाहत असे तसं. चांदी उन्हात चकाकली तेव्हा त्याच्या मांडीवरचं पिल्लू उठून दोन पावलं पुढं आलं. हात पुढं केला. त्याला कोयरी आवडली होती.

हे अपमानास्पद होतं. मी त्यांच्याकडं पाठ केली, नळी मोडून छर्रा भरला आणि उलट्या दिशेला ठेवलेल्या तेलाच्या रिकाम्या डब्यावर नेम धरला. निदान आवाज तरी ऐकू दे. चाप ओढला. 'फुस्' असा, सायकलच्या पंपासारखा आवाज झाला. डबा होता तिथंच राहिला. सौर बंबाची काचेची एक नळी मात्र तडकली आणि तिच्यातून पाणी गळायला लागलं. वानरं खरंच पळाली. पाण्याला घाबरून. नळीला बाराशे रुपये लागले, बसवणावळ वेगळी. ती बसवायला आलेल्या पोरानं विचारलं, "गारा पडल्या काय काका?" मी हो म्हणालो.

हिशेब लिहायची सवय बँकेनं लावलेली. पिस्तूल सव्वीसशे, सागवान साडेचारशे, चांदी आणि घडणावळ एकोणीसशे, खोळ लायनिंगसह दोनशे, अनुक्रमांक पन्नास, काच आणि बसवणावळ मिळून पंधराशे, मेथी-टमाटे धरले नाहीत. सहा हजार सातशे. तेवढ्यात पाच वर्षांच्या कुरड्या विकत आल्या असत्या, असं कोणीतरी वहीत माझ्या आकड्याखाली पेन्सिलीनं लिहिलं आहे. अक्षर घरातलंच आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मात्र त्याचा खरा मान झाला. आमच्याकडं पाटावर त्या दिवशी काय काय असतं! मामांकडून आलेला कोयता, माझा बँकेतला पेन, मिक्सरचं भांडं, मुलीचा लॅपटॉप, विळी, स्कूटरचा पाना. दर वर्षी त्या रांगेत एक उणीव भासायची. या वर्षी मधोमध पिस्तूल ठेवलं, खोळीतून काढून. बायकोनं सगळ्यांना हळदकुंकू लावलं. पिस्तुलापाशी आली, थांबली आणि नळीच्या तोंडापाशी चिमूटभर सोडलं. हवेच्या पिस्तुलाला हळद चालत नाही. आत दट्ट्याची वाटी असते, तिला तेल लागतं, धूळ चालत नाही. तेव्हापासून ते 'फुस्'ही म्हणत नाही. साडूंनी उघडून साफ करून देतो म्हटलं. जन्मभर साहेबांची पिस्तुलं साफ केलेला माणूस. मी म्हटलं, राहू द्या. ते थोडे खट्टू झाले.

यंदा पुन्हा चैत्र आला. पहाटे चिकाचा वास घरभर सुटला. नातेवाइकांपैकी कोणीतरी सांगितलं की गच्चीवर वाघाचं चित्र असलेली चादर टांगली की वानरं येत नाहीत. ज्ञानगंगेच्या जंगलात २०१९ साली थेट टिपेश्वरहून खरा वाघ चालत आला होता, त्यामुळं आमच्या जिल्ह्याचा वाघावर विश्वास आहे. आमच्याकडं तशी चादर होतीच, लग्नात आलेली, कधी न वापरलेली. ती बांधली. आठ दिवस एकही वानर फिरकलं नाही. नवव्या दिवशी चादरीच्या सावलीत एक पिल्लू झोपलेलं सापडलं, वाघाच्या पोटाशी.

तरीही कुरड्या घालायच्या तर होत्याच. बायकोनं गच्चीवर साडी अंथरली. एका कोपऱ्यावर वीट ठेवली, दुसऱ्यावर खल, तिसऱ्यावर लोखंडी तवा. चौथ्या कोपऱ्यासाठी इकडंतिकडं पाहिलं, खाली गेली आणि गुलाबी लायनिंगच्या खोळीतून ते घेऊन वर आली. कोपरा सारखा केला, कोयरीची बाजू वर ठेवली.

"वजन चांगलं हाये," म्हणाली.

दुपारी वारा सुटला तेव्हा विटेचा कोपरा उडाला.